चोरखिसा

माझ्या आईचा प्रवासातला पैसा कधीच एका जागी नसे. थोडा बटव्यात, थोडा पेटीच्या तळाशी अंथरलेल्या पेपरखाली आणि उरलेला बाबांच्या बनियनला तिनेच शिवलेल्या चोरखिशात. बटवा गेला तर पेटी, पेटी गेली तर बाबा. बाबाच हरवले तर काय, याचा विचार झालेला नव्हता. पंढरपूरच्या गर्दीत एकदा ते खरंच तासभर हरवले, आणि आई आधी पैशासाठी रडली, असा त्यांचा कायमचा आरोप होता.

फोटो सांभाळण्याबद्दल जाणकार ‘तीन-दोन-एक’ असा नियम सांगतात. प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक भलत्याच ठिकाणी. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने तो रूढ केला. मी वाचला तेव्हा वाटलं, या माणसाने आमची पेटी उघडून पाहिलेली दिसते. फक्त लॉजच्या खोलीत तिघांत मिळून एकच प्लग असतो आणि तोही टीव्हीच्या मागे, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

पूर्वी कंजूषपणा बटण दाबतानाच व्हायचा. रोलमध्ये ३६ फोटो. नीट चढवला तर ३७ वा निघायचा आणि बाबा तो लॉटरी लागल्यासारखा मिरवायचे. आता काढणं फुकट आणि ठेवणं महाग. मध्यंतरी काही वर्षं ठेवणंही फुकट होतं. २०१५ मध्ये गुगल फोटोज आलं तेव्हा थोडे आकसून घेतलेले फोटो हवे तितके ठेवता यायचे. मीही जेवणाच्या ताटापासून चपलांपर्यंत सगळं तिथे नेऊन टाकलं. १ जून २०२१ ला तो मांडव उठला. आता १५ जीबी, त्यातही मेल आणि ड्राइव्ह वाटेकरी. चार एमबीचा एक फोटो धरला तर पावणेचार हजारांत संपतं. आमच्या ग्रुपवरच्या एका वर्षाच्या गुड मॉर्निंगलाही तेवढी जागा पुरत नसेल.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे मित्र पचमढीला गेलो. नागपूरच्या माणसाला पचमढी परकी नाही. महाशिवरात्रीला चौरागड आणि नागपंचमीला नागद्वारी करणारे घरटी एक तरी सापडतात. एमपी बस स्टँडवरून बस, सौंसरला चहा, छिंदवाड्याला पाय मोकळे. मोबाइलसोबत मावसभावाचा डिजिटल कॅमेराही मागून घेतला होता, त्यातल्या कार्डासकट.

रात्रीचा कार्यक्रम ठरलेला. जेवण झालं की फोटो निवडायचे, मोबाइलला ओटीजी, म्हणजे पेनड्राइव्ह जोडायची छोटी पिन, लावून त्यावर घ्यायचे आणि रोजच्या दीड जीबीतला उरलेला डेटा बाराच्या आत चढवण्यात संपवायचा. बाराला मीटर परत शून्यावर. उरलेला डेटा वाया जाणं हे आम्हाला ताटात अन्न टाकल्यासारखं वाटतं. अर्थात सातपुड्याच्या दरीत रेंज हवी. ती नसायचीच. मग खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून एक जण मोबाइल धरायचा.

धूपगड हे सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर, १३५० मीटर. तिथल्या सूर्यास्ताचे माझ्याकडे एक्केचाळीस फोटो निघाले. एक्केचाळीस सूर्य, आणि दोन फोटोंत फरक सांगेल त्याला मी सावजी खाऊ घालीन.

“काहून बे, इतके काढून रायला होता?” मित्राने विचारलं.

“काही ना काही चांगलं येईल म्हणून.”

“आलं का?”

चांगला फोटो बेचाळिसावा होता. सूर्य बुडाल्यावरचा. रेलिंगपाशी एक म्हातारी नातवाच्या कानांवर मफलर गुंडाळत होती आणि नातू भुट्टा सोडायला तयार नव्हता. तो कॅमेऱ्यातला. बाकी सगळे उडवले.

दुसऱ्या दिवशी जटाशंकरला कॅमेऱ्याने कार्डात काहीतरी गडबड असल्याचं दाखवलं आणि विचारलं, फॉरमॅट करू का? मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही; मशीनने इतक्या नम्रपणे विचारलं की नाही म्हणवत नाही. म्हातारी गेली, नातू गेला, भुट्टाही गेला. आदल्या रात्री पेनड्राइव्ह मोबाइलच्याच फोटोंनी भरली होती, त्यामुळे कार्डाची प्रत उद्या घेऊ म्हणून ठेवली होती. अख्खा बटवा एकाच खिशात. त्यातल्या त्यात नशीब म्हणजे, पाच मिनिटांत कॅमेऱ्याची बॅटरीही संपली.

तेच उपयोगी पडलं. सीताबर्डीतल्या दुकानातला पोरगा म्हणाला, “भाऊ, यात आता एक बी फोटो काढू नका.” फॉरमॅट म्हणजे फक्त रेशनकार्डावरून नाव कमी करणं, माणूस घरातच असतो. नवीन भाडेकरू आला की मगच तो निघतो. फोटो परत काढून द्यायचे त्याने सांगितलेले पैसे आमच्या तिघांच्या बसभाड्याहून जास्त होते. घरी आलो आणि फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम लावला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि रात्रभर मोजणी.

सकाळी फोल्डरमध्ये ३१२ फोटो. मूळ नावं गेलेली, ‘एफ’पुढे नुसते लांबलचक आकडे. म्हातारी सापडली. मफलर, भुट्टा, सगळं शाबूत.

आणि तिच्या फोटोच्या मागोमाग, पुढच्या फोटोंत, पिवळ्या शालूतली एक मुलगी, पेढ्यांचं ताट, नारळ, आणि सोफ्यावर ताठ बसलेला माझा मावसभाऊ. हे त्याचं दोन वर्षांपूर्वीचं साक्षगंध. ते लग्न पुढे झालं नाही. मावशीने स्वतःच्या हाताने घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधून ते फोटो पुसून घेतले होते, आजोबांच्या साध्या फोनमध्येही एकदा पाहून घेतलं होतं. कॅमेऱ्याचं कार्डही तिने रिकामं करवलं होतं.

सतरा फोटो होते. एकात भाऊ हसताना दिसतो. तसा तो फोटोत सहसा हसत नाही. मी ते सतराही डिलीट केले, रिसायकल बिनमधूनही काढले. कॅमेरा त्याला परत दिला. त्याने विचारलं, “कार्ड?”

“खराब झालं,” म्हटलं, “नवीन घेऊन देतो.”

जुनं कार्ड पेटीच्या तळाशी, पेपरखाली आहे.