युनियन स्क्वेअरजवळ एक रात्र: हॉटेल झकास, वाट मात्र विचारू नका

सॅन फ्रान्सिस्कोतल्या बुटीक हॉटेलाच्या वेबपानावर लिहिलेलं असतं, ‘युनियन स्क्वेअरपासून पाच मिनिटं’, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या चौकापासून. खोटं नाही. पण ती पाच मिनिटं हातात सामान नसलेल्या माणसाची आहेत, आणि चढ कुठे लागतो, मधल्या गल्ल्या कुठल्या, यावर पान गप्प असतं. एका रात्रीच्या मुक्कामाची मजा टिकणार की जाणार, हे इथे खोलीच्या वॉलपेपरवर ठरत नाही. स्टेशनापासून दारापर्यंतच्या वाटेवर ठरतं.

या भागातली बहुतेक बुटीक हॉटेलं पोस्ट, सटर आणि बुश या रस्त्यांवर, मेसन ते जोन्सच्या दरम्यान आहेत. दक्षिणेला गिअरी रस्ता ओलांडला की टेंडरलॉइन हा बदनाम भाग सुरू होतो. हॉटेलाचा पत्ता टेलर किंवा जोन्सजवळचा असेल तर नकाशाचं अ‍ॅप पॉवेल किंवा सिव्हिक सेंटर स्टेशनापासून सरळ रेघ ओढतं आणि तुम्हाला टर्क, एडी, एलिस या रस्त्यांवर पाठवतं. उघडपणे चाललेलं ड्रग्ज घेणं, पायाखाली बघत चालावं लागेल अशी घाण. दिवसा अंगावर कुणी येईलच असं नाही. पण रात्री दहाला दोन बॅगा ओढत इथून जाऊ नका. सिव्हिक सेंटरला तर उतरूच नका.

मग काय करायचं? विमानतळावरून बार्ट ट्रेन पकडा. स्टेशन आंतरराष्ट्रीय टर्मिनलला लागूनच आहे, बाकीच्या टर्मिनलांहून एअरट्रेन फुकट नेते. भाडं माणशी अकरा डॉलरच्या आसपास, शहरात पोचायला अर्धा तास. सगळे पॉवेलला उतरतात. तुम्ही एक स्टेशन पुढे, माँटगोमेरीला उतरा. पोस्ट स्ट्रीट तिथेच मार्केट स्ट्रीटला मिळतो. त्यावरून सरळ पश्चिमेकडे चालत राहिलं की कर्नी, ग्रँट, स्टॉकटन, मग युनियन स्क्वेअर, पुढे पॉवेल, मेसन, टेलर. अंतर किलोमीटरच्या आसपास, चढ आहे पण बेताचा, आणि टेंडरलॉइन पूर्ण टळतो. पॉवेलवरून अंतर थोडं कमी पडतं, पण तिथे उतरलात तर पॉवेल स्ट्रीटनेच वर पोस्टपर्यंत या आणि मग डावीकडे वळा. मधूनच डावीकडे शॉर्टकट मारायचा मोह झाला तरी मारू नका.

हॉटेल बुशवर असेल तर हिशोब वेगळा. पोस्टवरून सटर आणि सटरवरून बुश, हे दोनच ब्लॉक आहेत, पण चढ असा की चाकांची बॅग मागे ओढते. गुडघे धड असतील आणि बॅग दहा-बारा किलोची असेल तर निभतं. तेवीस किलोच्या दोन बॅगा असतील तर माँटगोमेरीहून टॅक्सी करा, उगाच मर्दुमकी दाखवायला जाऊ नका. तिघे-चौघे असाल तर विमानतळावरूनच टॅक्सी परवडते.

आता हॉटेल. या इमारती बहुतेक १९०६ च्या भूकंप-आगीनंतर उभ्या राहिलेल्या. १९८१ मध्ये बिल किम्प्टन यांनी पोस्ट स्ट्रीटवरचं बेडफर्ड हे जुनं हॉटेल घेऊन नव्याने चालवायला काढलं, तेव्हापासून हा प्रकार या शहरात रुजला: जुनी इमारत, लहान खोल्या, भडक सजावट, संध्याकाळी लॉबीत वाइन. सजावट खरंच धमाल असते, फोटोत दिसते तशीच. तिची काळजी नको. काळजी करायची ती भिंतींच्या आतली.

एसी नाही, हे गृहीत धरूनच चाला. एरवी चालून जातं, कारण जुलै-ऑगस्टमध्येही इथे दुपारी जॅकेट लागतं. पण इथला खरा उन्हाळा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. तेव्हा खिडकी उघडावी लागते आणि खिडकीतून रात्रभर सायरन आत येतात. पॉवेल स्ट्रीटकडची खोली तर घेऊच नका. तिथून केबल कार, म्हणजे रस्त्याखालच्या केबलने ओढली जाणारी ट्राम, जाते; ती केबल ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने अखंड फिरत असते, त्याची घरघर गाडी नसतानाही येते, वर घंटा. गाड्या सकाळी सातच्या सुमारास सुरू होतात आणि रात्री उशिरापर्यंत चालतात. केबल कार बघायला छान. उशाशी नको.

म्हणून बुकिंग झाल्यावर हॉटेलला थेट लिहा: चौथा मजला किंवा वर, लिफ्टपासून लांब, डक्टकडे उघडणारी खोली. डक्टच्या खोलीत उजेड नसतो, समोर भिंत दिसते. दोन-चार रात्री असत्या तर जीव गुदमरला असता, एका रात्रीसाठी तीच सर्वात चांगली. पलंगाचं मापही लेखी विचारा. ‘फुल’ म्हणजे १३७ सेंटिमीटर रुंद, दोघांना अपुरा. ‘क्वीन’ म्हणजे १५२, ठीक. ‘पेटीट’ नावाची खोली दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवण्याइतकीही नसते. न्हाणीघराला सरकतं दार असेल तर ते नीट बंद होत नाही, आवाजही अडत नाही. आईवडिलांना सोबत नेणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

छोट्या प्लॅस्टिक बाटल्यांतला शॅम्पू मिळणार नाही, कॅलिफोर्नियात हॉटेलांना त्यावर बंदी आहे. भिंतीवर डबे असतात. संडासात धुण्याचा जेट नसतो. घरची किटली नेऊ नका: तिथे १२० व्होल्ट आहे, त्यामुळे २३० व्होल्टची १५०० वॉटची किटली जेमतेम ४०० वॉट देते, चहाचं पाणी उकळेपर्यंत झोप येईल. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त चपट्या दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर हवा.

पैशांचं. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात जाहीर केलेल्या दरात सक्तीचे सगळे शुल्क धरावेच लागतात, त्यामुळे ‘अ‍ॅमेनिटी फी’ (सोयींच्या नावाखालचं सक्तीचं शुल्क) शेवटच्या पानावर उगवण्याचा जुना खेळ बंद व्हायला हवा. कर मात्र वेगळे: १४ टक्के हॉटेल कर, शिवाय पर्यटनाच्या नावाखाली दोन टक्क्यांहून थोडं जास्त. २०० डॉलरची खोली २३२ च्या पुढेच जाते. अ‍ॅमेनिटी फीमध्ये बारचं किंवा नाश्त्याचं क्रेडिट असेल तर चेक-इनलाच विचारा, ते एका रात्रीत वापरलं नाही तर बुडतं. त्याच तारखेपासून आणखी एक नियम आहे: चेक-इनच्या ७२ तास किंवा त्याहून आधी केलेलं बुकिंग पहिल्या २४ तासांत फुकट रद्द करता येतं. वेबसाइट ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणत असली तरी.

लूट म्हणावी तर पार्किंगची. व्हॅलेचे, म्हणजे हॉटेलचा माणूस गाडी लावून देतो त्याचे, रात्रीला साठ-सत्तर डॉलर सहज लागतात, आणि शहराचा पार्किंग कर २५ टक्के. एका रात्रीसाठी गाडी आणूच नका. आणलीच तर सटर-स्टॉकटन गॅरेजमध्ये लावा, आणि गाडीत चार्जरची वायरसुद्धा दिसेल अशी ठेवू नका. काचा फोडतात.

चेक-इन दुपारी तीन-चारला, चेक-आउट अकराला, म्हणजे भाडं एकोणीस-वीस तासांचं. लवकर पोचलात तर ‘अर्ली चेक-इन’ला पैसे मोजू नका. बॅगा रिसेप्शनवर ठेवून घेतात, बॅगेमागे एक-दोन डॉलर टिप पुरते. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्डच द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर रात्रीचे पन्नास-शंभर डॉलर अडकवले की सुटायला आठवडा किंवा जास्तही लागतो, आणि पुढच्या शहरात तेवढ्याच पैशांची गरज पडते. निघताना कागदावर बिल मागा, मिनीबारची ओळ वाचा, काउंटर सोडण्याआधी बोला. घरी पोचल्यावर ईमेलवर भांडून तेच पैसे परत मिळवणं फार जिकिरीचं असतं.