कप्पा देव की भूत?

जपानी शिकवताना नदीनाल्यांच्या गोष्टी निघाल्या की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

कप्पा म्हणजे जपानी लोककथांतला, लहान मुलाएवढा जलचर. पाठीवर कासवासारखं कवच, डोक्यावरच्या खळग्यात पाणी. ते सांडलं की त्याचं बळ सरतं. पोहणाऱ्या मुलांना तो बुडवतो, घोड्यांना डोहात ओढतो. एवढंच ऐकलं तर तो भूतच वाटेल. पण त्याला काकडी वाहतात, आणि जलदेवता सुइजिनलाही काकडीच वाहतात.

मला विचाराल तर उत्तर भोपळ्यात आहे. ‘निहोन शोकी’ हा इ.स. 720 मधला इतिहासग्रंथ. त्यात सम्राट निन्तोकुच्या काळातली गोष्ट येते. योदो नदीचा बांध दोन ठिकाणी टिकेना. नदीच्या देवाने दोन माणसांचा बळी मागितला. एक रडत पाण्यात उतरला आणि गेला. दुसरा, कोरोमोनोको, याने दोन भोपळे पाण्यात टाकले: खरा देव असशील तर हे बुडव, मग मी येतो. भोपळे बुडाले नाहीत, माणूस वाचला आणि बांधही पुरा झाला. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्याच सम्राटाच्या काळात किबी प्रांतात मिझुची नावाचा विषारी जलसर्प माजला होता. त्यालाही भोपळे बुडवायचंच आव्हान मिळालं. तो हरला आणि मारला गेला. म्हणजे परीक्षा तीच, फक्त एकदा समोर देव होता आणि एकदा राक्षस. पुढे लोककथांतला कप्पाही भोपळ्याला भितो! उत्तर जपानात आओमोरीकडे तर त्याला मेदोची म्हणतात, आणि ते नाव मिझुचीवरूनच आलं असं अभ्यासक मानतात.

लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ कप्पाला पदावरून घसरलेला जलदेव म्हणत. मला हे पटतं, पण घसरला तरी त्याचा मान पुरता गेला नाही. त्यांनीच 1910 साली प्रसिद्ध केलेल्या तोनो गावच्या कथांत एक कप्पा घोड्याला ओढायला जातो आणि उलट स्वतःच फरफटत तबेल्यात येतो. मारायचं की सोडायचं यावर गावकरी बसून खल करतात. शेवटी, पुन्हा घोड्यांच्या वाटेला जाणार नाही असं वचन घेऊन त्याला सोडून देतात.