काका उजवीकडे बघत होते

त्या दिवशी मी गाडीत मराठीत बोलले. बोलायला नको होतं, की बोलले तेच बरं झालं, हे तीन महिने झाले तरी माझं ठरत नाहीये.

मी मध्य फ्लोरिडात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. नागपूरला मेडिकलमधून शिकले, इथे येऊन पुन्हा परीक्षा दिल्या, आणि गेली अकरा वर्षं एकच काम करते: वय झालेली किंवा आजारातून उठलेली माणसं सुरक्षित गाडी चालवू शकतात का, ते तपासणं. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आरटीओच की!" आरटीओ नाही. लायसन्स काढून घ्यायचा मला अधिकार नाही, मी फक्त अहवाल लिहिते. पण फ्लोरिडात डॉक्टर, शेजारी, पोटचा मुलगा, कोणीही एखाद्याच्या गाडी चालवण्याबद्दल राज्याकडे कळवू शकतो, आणि कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. त्यामुळे माझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत पहिली पाच मिनिटं एकच प्रश्न असतो: चुगली कुणी केली?

आमचा भाग निवृत्तांचा. 'द व्हिलेजेस' ही यातली सगळ्यांत मोठी वस्ती. 2020 च्या जनगणनेत तिथे जवळजवळ 79 हजार माणसं मोजली गेली. गोल्फ कार्टसाठी शंभराहून जास्त मैलांच्या वाटा आहेत, आणि हायवे ओलांडायला कार्टचा वेगळा पूल. 2005 साली तिथे 3,321 कार्टची मिरवणूक निघाली आणि गिनीज बुकात गेली. या गोष्टीतले काका तिथले नव्हेत. पण त्यांची छोटी वस्ती त्याच धाटणीची: वयाची अट 55, मध्ये क्लबहाउस, तळ्याकाठी 'अ‍ॅलिगेटरना खायला घालू नका' ही पाटी, आणि चौकाचौकात सिग्नलच्या जागी सर्कल.

सर्कलबद्दल थोडं बोलते, कारण माझा निम्मा जीव त्यातच अडकलेला असतो. साध्या चौकात गाड्यांची एकमेकींशी गाठ पडू शकते अशा जागा बत्तीस असतात, एका लेनच्या सर्कलमध्ये आठ. वेग कमी, समोरासमोरची टक्कर जवळजवळ नाहीच. म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांत घातक असतं ते समोरून येणाऱ्या गाड्यांमधून डावीकडे वळणं, आणि सर्कल नेमकं तेच काढून टाकतं. तरी वेटिंग रूममध्ये कुणालाही विचारा, सर्कल म्हणजे युरोपातून आणलेलं थोतांड असं ऐकवतील. त्यात इथल्या लोकांचं सौजन्य. सर्कलच्या आत असलेल्या गाडीचा पहिला हक्क असतो, पण आमचे आजोबा आत मध्येच थांबतात आणि बाहेर उभ्या असलेल्या कार्टवाल्या आजींना हात करून "या, या" म्हणतात. मागच्याला हे कसं कळावं? एवढ्या सभ्यपणे केलेली चूक अहवालात लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतं.

आणखी एक गोष्ट, जी वस्तीच्या माहितीपत्रकात कधीच नसते. गाडीच्या पुढच्या काचेच्या कडेला जो खांब असतो तो सर्कलमध्ये फिरताना सतत आपल्याबरोबर फिरतो. बाहेर पडण्याच्या तोंडाशी कार्टची वाट आडवी जाते. कार्ट लहान, आवाज नाही, आणि तिचा वेग जुळला तर ती चार सेकंद त्या खांबाआडच राहते. मी प्रत्येकाला सांगते, मान पुढे-मागे हलवा, कोंबडीसारखी. अमेरिकन माणसं हसतात. पण हलवतात.

तर काका. वय 82. फाइलवरचं आडनाव वाचून मी बाहेर आले तर काकू हातात त्यांचा स्वेटर घेऊन बसलेल्या. क्लिनिकच्या एसीची त्यांना आधीच खात्री.

"तू कुठली गं?"

"नाशिकची."

"मग बोल की मराठीत, केव्हाची इंग्रजी झाडतेयस."

काका माटुंग्याचे. व्हीजेटीआयमधून इंजिनिअर झाले, 1968 मध्ये मिशिगनला शिकायला आले, पुढे तिथेच नोकरी, आणि गुडघ्यांना बर्फ सोसेना तेव्हा फ्लोरिडा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'गाडी चालवण्यास हरकत दिसत नाही' असं लिहून शिवाय माझ्याकडे पाठवलेलं. म्हणजे हरकत दिसत नाही, पण दिसली तर ती दुसऱ्या कुणीतरी लिहावी. सिएटलच्या मुलाची ईमेल वेगळीच: किल्ल्या काढून घ्या, पण मी सांगितलं असं म्हणू नका. मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, या तपासणीचे पैसे बहुतेक देत नाही. ते मुलानेच भरले होते आणि काकांना वाटत होतं विम्याने भरले.

टेबलावरची चाचणी दोन तास चालते. त्यात एक कागद असतो: विखुरलेले आकडे आणि अक्षरं, 1 पासून ए, ए पासून 2, 2 पासून बी अशी रेघ जोडत जायची. तीन मिनिटांच्या वर गेलं की आम्ही कान टवकारतो. काकांना 3 मिनिटं 34 सेकंद लागली, पण त्यातली बरीचशी भांडणात गेली. "हा आय आहे की एल? हे छापलंय कुणी?" आता हे सेकंद धरायचे की नाही? नियमाने धरायचे. मी धरले. मान उजवीकडे 60 अंश वळत होती, डावीकडे जेमतेम 38. हा आकडा लक्षात ठेवा.

मग गाडी. आमच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. नियम असा की सूचना ठरलेल्या शब्दांत आणि वेळेवर द्यायच्या, मधे गप्पा नाहीत. गप्पा मारत चालवता येतं का, हे बघायचं असेल तर तेही ठरवून. पहिली वीस मिनिटं काकांनी झकास चालवली. आरसे, अंतर, लेन बदलणं, सगळं त्या पिढीच्या इंजिनिअरसारखं नेमकं. मी निर्धास्त झाले, ती माझी चूक. ते म्हणाले, "आमच्या वेळी किंग्ज सर्कलला लॅम्ब्रेटा स्कूटर घेऊन फिरायचो, मधे बाग, रात्री आठनंतर रस्ता मोकळा," आणि मी म्हणाले, "काका, पुढच्या सर्कलला सरळ जायचंय."

मराठीत म्हणाले. ठरलेलं वाक्य इंग्रजीत आहे, ते माझ्या तोंडून आलंच नाही.

हे सर्कल वस्तीच्या बाहेर, मोठ्या रस्त्यावर, दोन लेनचं. काकांनी उजवी लेन धरली, बरोबर. वेग 18 मैलांवर आणला, बरोबर. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग असते, आम्ही तिला शार्कचे दात म्हणतो, तिच्यापाशी येऊन त्यांनी मान वळवली. उजवीकडे. नीट, सावकाश, जबाबदार माणसासारखी.

इथे गाड्या डावीकडून येतात. उजवीकडे बघणाऱ्याला फक्त निघून गेलेल्या गाड्यांच्या पाठी दिसतात.

"मोकळा आहे," काका म्हणाले आणि त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला.

डावीकडून बागकामवाल्यांचा पिकअप येत होता, मागे ट्रेलर, ट्रेलरवर गवत कापायची दोन यंत्रं. मी माझा ब्रेक तळापर्यंत दाबला. पट्टा खांद्यात रुतला. पिकअप पुढून गेला तेव्हा ट्रेलरवरच्या दोरखंडाची गाठ मला स्पष्ट दिसली, निळी आणि तेलकट. ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही. नुसतं बघितलं.

काकांनी गाडी पार्किंगमध्ये टाकली नाही, काही नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "हा कुठून आला?"

हे वाक्य मी याआधी शंभरदा ऐकलंय. अपघाताच्या जवळ जाऊन आलेला प्रत्येक जण हेच विचारतो. पण त्या वेळी मला पहिल्यांदा उत्तर माहीत आहे असं वाटलं. काकांना माटुंग्याचं सर्कल दिसत होतं. तिथे वाहनं उजवीकडूनच येतात. सत्तावन्न वर्षं अमेरिकेत चालवलेल्या माणसाला मी एका वाक्यात लॅम्ब्रेटावर नेऊन बसवलं होतं.

की नव्हतं? डावीकडे मान वळतच नाही म्हणून सोप्या बाजूला वळली असेल. तीन मिनिटं चौतीस सेकंदांचा तो कागद खरं बोलत असेल. पुढची दोन सर्कलं मी इंग्रजीत सांगितली. दोन्हीकडे काकांनी डावीकडे बघितलं, मान पुरेना म्हणून कमरेपासून वळून. तीन सर्कलं म्हणजे काही संशोधन नव्हे, हे मलाही कळतं.

क्लिनिकमध्ये ब्रेक माझ्या पायाने दाबला गेला की विषय संपतो. तरी मी अहवालात भाषेचं लिहिलं, मानेसाठी फिजिओ आणि सहा आठवड्यांनी दुसऱ्या थेरपिस्टबरोबर पुन्हा चाचणी सुचवली. माझी वरिष्ठ बाई हुशार आहे, पण तिला आयुष्यात एकच भाषा येते. ती म्हणाली, "हे सहानुभूतीचं परिशिष्ट काढ." दुसरी चाचणी घेणार होता तो सहकारी जास्त बरं बोलला. "उद्या बायकोने शेजारी बसून मराठीत 'इथून वळा' म्हटलं तर? ती तर रोजच म्हणत असेल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. काकू तर गाडीत बोलायच्या थांबतच नसतील.

दुसरी चाचणी झालीच नाही. काका म्हणाले, "तू दाबलास ना ब्रेक? पुरे." पुढच्याच आठवड्यात त्यांनी जाऊन लायसन्स परत केलं आणि त्याऐवजी साधं ओळखपत्र घेतलं. मला वाटलं, किती समजूतदार माणूस. माझ्याकडे आलेल्यांपैकी काही जण अजून वकिलाच्या पत्रातून बोलतात.

महिन्याभराने काकूंचा फोन. "अगं, त्यांनी गाडी घेतली."

"कुठली गाडी?"

"ती गोल्फची. लाल. वर छप्पर आहे."

फ्लोरिडात पूर्वी चौदा वर्षांचं पोरही रस्त्यावर कार्ट चालवू शकायचं. ऑक्टोबर 2023 पासून अठराच्या आतल्यांना लर्नर्स परमिट किंवा लायसन्स लागतं, आणि अठराच्या वरच्यांना सरकारी फोटो ओळखपत्र. फक्त ओळखपत्र. म्हणजे जे कार्ड लायसन्स सोडल्याची खूण म्हणून काकांच्या खिशात आलं, तेच त्यांना ताशी वीस मैलांच्या वाहनावर कायद्याने बसवतं. माझा अहवाल गाडीपुरता. कार्टबद्दल मला कुणी विचारत नाही, आणि विचारायची सोयही नाही.

त्यात ते वाहन कसलं, तर साध्या कार्टला दारं नाहीत, पट्टे बहुतेक नसतातच, ब्रेक मागच्या चाकांना. ओल्या उतारावर ब्रेक दाबला की मागचा भाग आडवा यायला बघतो. आणि इथे सर्कलमध्ये आपण घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे पूर्ण वेळ डावीकडे वळत असतो, म्हणजे उजवीकडे बसलेला माणूस बाहेर फेकला जातो. ड्रायव्हरच्या हातात निदान स्टिअरिंग असतं. शेजारच्याच्या हातात बहुतेक वेळा कॉफी. आणि शेजारी कोण, तर काकू.

म्हणून एका शनिवारी मी गेले. फी नाही, फाइल नाही, क्लिनिकला सांगितलंही नाही. उजव्या सीटवर मी बसले आणि काकू मागे, उलट्या तोंडाच्या सीटवर. "मला इथून पुढचं काही दिसत नाही, तेच बरं," त्या म्हणाल्या. क्लबहाउसजवळचं सर्कल एका लेनचं, गाड्या आणि कार्ट दोन्ही एकाच वाटेने. पहिल्या फेरीत काका बरे गेले, जरा जोरात. मी सीटच्या कडेचा दांडा धरूनही घसरले, माझी मांडी अर्धी बाहेर. हे मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलेय, पण स्वतः घसरायची ती पहिलीच वेळ. दांडा हाताला लागतो तो कमरेच्या खाली. काकूंची उंची पाच फूट नाही.

"काका, आता आणखी सावकाश," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कुठल्या भाषेत म्हणू?

दुसऱ्या फेरीला ते शार्कच्या दातांपाशी थांबले. कमरेपासून वळून डावीकडे बघितलं. मग उजवीकडे. मग परत डावीकडे. एक कार्ट गेली, तिच्यावर बांधलेला छोटा कुत्रा आमच्याकडे बघत गेला. रस्ता मोकळा झाला. काका हलले नाहीत. मागे आणखी एक कार्ट येऊन उभी राहिली.

"जाऊ?" त्यांनी विचारलं.

मी गप्पच.

"अगं," काका म्हणाले, "काहीतरी बोल की."