एसडीए प्रोव्हायडरने काम बंद केलं तेव्हा… माझा अनुभव (मेलबर्न)

लेकाच्या घराची कंपनी एसडीएमधून (अपंग व्यक्तींसाठी खास सोयींची घरं) बाहेर पडतेय हे आम्हाला ईमेलने कळलं. त्यात 'दुसरं घर शोधायला मदत करू' असं एक वाक्य होतं, ती मदत अजून यायचीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एनडीआयएसमध्ये (ऑस्ट्रेलियाची अपंग व्यक्तींसाठीची सरकारी योजना) घराचे पैसे वेगळे (एसडीए) आणि घरात मदत करणाऱ्या माणसांचे वेगळे (सिल). आमच्या दोन कंपन्या वेगळ्या होत्या म्हणून केअरर तरी तेच राहिले. तुमचं दोन्ही एकाच कंपनीकडे असेल तर आत्ताच वेगळं करायचं बघा, कळकळीने सांगतेय.

आणि लगेच घर शोधायला पळू नका, आधी विचारा घर कोणाच्या मालकीचं आहे. आमचं एका इन्व्हेस्टरचं होतं, कंपनी फक्त चालवत होती, म्हणजे दुसरा रजिस्टर्ड प्रोव्हायडर तेच घर घेऊ शकतो आणि मुलाला हलावं लागत नाही. लेकाच्या बेडपासून बाथरूमपर्यंत छताला होइस्टचा (माणसाला उचलून नेणारं यंत्र) ट्रॅक आहे, दार व्हीलचेअरवरच्या स्विचने उघडतं, हाय फिजिकल सपोर्टचं (जास्त शारीरिक मदत लागणाऱ्यांसाठीचं) असं घर जवळपास परत मिळणं किती अवघड ते शोधणाऱ्यालाच कळतं. शिवाय लेकाच्या एनडीआयएस प्लॅनमध्ये बिल्डिंगचा प्रकार लिहिलेला असतो, तिघांच्या घराचे पैसे मंजूर असले तर त्यात एकट्याचं अपार्टमेंट बसत नाही, मग परत ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) रिपोर्टपासून सुरुवात.

नवीन प्रोव्हायडर पटकन मिळाला. अडकलो ते जुन्या कंपनीपाशी. घर एनडीआयएकडे (एनडीआयएस चालवणारी सरकारी संस्था) त्यांच्या नावावर एनरोल असतं, त्यांनी ते सोडल्याशिवाय नव्याच्या नावावर चढत नाही, आणि चढल्याशिवाय नव्याला पैसे क्लेम करता येत नाहीत. एवढंच काम होतं! पण फोन केला की 'टीमकडे पाठवलंय', कुठली टीम ते कोणी सांगेना, ज्या बाईंशी बोलायचो त्या मध्येच नोकरी सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी आलेला माणूस मलाच विचारतो कुठली प्रॉपर्टी म्हणून. नवा प्रोव्हायडर म्हणतो आमचे कागद तयार आहेत, मालक म्हणतो माझी हरकत नाही, आणि लेक रोज संध्याकाळी विचारतो आई काही कळलं का. तुम्ही धंदा बंद करा, पण राहणाऱ्या माणसाचा एक कागद पुढे सरकवायला महिने लागावेत? अजून आठवलं की डोकं फिरतं.

शेवटी मी फोन बंद केले, सगळं ईमेलवर, 'कुठल्या तारखेला सोडताय ते लिहून द्या' एवढंच, आणि प्रोव्हायडरवर देखरेख करणाऱ्या एनडीआयएस कमिशनकडे तक्रार केली (1800 035 544, तक्रार कोणीही करू शकतं, घरच्यांनी केली तरी चालते). मग मात्र कागद हलला.

हो, एक राहिलं, कंपनीचा ईमेल म्हणजे घर सोडायची नोटीस नाही. व्हिक्टोरियात नोटीस टू व्हेकेट ठरलेल्या फॉर्मवरच द्यावी लागते आणि त्याविरुद्ध व्हीकॅटमध्ये (व्हिक्टोरियाचं ट्रायब्युनल) जाता येतं, त्यामुळे घाबरून कशावरही सही करू नका. सपोर्ट कोऑर्डिनेटरला (प्लॅनमधल्या सेवा जुळवून देणारी व्यक्ती) पहिल्या दिवसापासून प्रत्येक ईमेलमध्ये सीसी ठेवा. नवीन कंपनी आली की एनडीआयएला सांगून 'माय प्रोव्हायडर' म्हणून तिची नोंद करून घ्या, नाहीतर क्लेम अडकतात.

आणि नवीन अ‍ॅग्रीमेंटमधलं भाडं नीट वाचा. डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शनच्या बेसिक रेटचे 25 टक्के आणि मिळत असेल तर पूर्ण रेंट असिस्टन्स (भाड्यासाठीची सरकारी मदत), एसडीएचं भाडं याच्या वर जात नाही. लाइट बिल, किराणा वेगळं. आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये आकडा जास्त होता, तो कमी करून घेतला आणि मगच सही केली.