ईसी दिसलं की आधी एकक बघा

कीटकनाशकाच्या बाटलीवर ‘सायपरमेथ्रिन 10% ईसी’ आणि माती परीक्षण अहवालात ‘ईसी 0.48’. दोन्ही कागद एकाच शेतकऱ्याच्या घरी असतात, पण अर्थ पार वेगळे. शेजारी टक्के असतील तर तो औषधाच्या मिश्रणाचा प्रकार (इमल्सिफाएबल कॉन्सन्ट्रेट), डेसीसायमन प्रति मीटर असेल तर विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांचं माप.

मातीच्या ईसीत सर्वांत मोठी फसगत पद्धतीची होते. आपल्या प्रयोगशाळा बहुधा 1 भाग माती आणि 2.5 भाग पाणी घेऊन मोजतात. त्यात 1 च्या खाली सर्वसाधारण, 1 ते 2 उगवणीला धोक्याचं, 4 च्या वर बहुतेक पिकांना बाधक. पिकांच्या क्षारसहनशीलतेचे तक्ते मात्र संपृक्त मातीच्या अर्कावर (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यावर) बेतलेले असतात आणि तिथे त्याच मातीचा आकडा कितीतरी जास्त येतो. म्हणून अहवालावर पद्धत लिहिलेली नसेल तर विचारून घ्याच. मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटरमधल्या आकड्याला 1000 ने भागा, की डेसीसायमन प्रति मीटर मिळतं. खिशातला मीटर 25 अंशांना 1.413 च्या प्रमाण द्रावणात तपासा, आणि त्याचं पीपीएम (दशलक्ष भागांत किती भाग क्षार) वापरू नका: एकच 1 ईसी कुठला मीटर 500 दाखवतो, कुठला 700.

इतरत्रही हीच दोन अक्षरं भेटतात. बांधकामात ईसी म्हणजे पर्यावरण मंजुरी. 2006 च्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर बांधकाम क्षेत्रापासून पुढे ती लागते. जीवरसायनशास्त्रात ‘ईसी 1.1.1.1’ हा एका विकराचा (एन्झाइमचा) क्रमांक. कृषी सेवा केंद्रात ‘ईसी अॅक्ट’ म्हणजे 1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा. 1985 चा खत नियंत्रण आदेश त्याच्याच आधाराने निघाला.

बाटलीतलं ईसी म्हणजे तेलकट द्रावकात विरघळवलेलं औषध आणि सोबत पायसकारक, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ. पाण्यात पडताच ते दुधाळ व्हायला हवं. टाकीत अर्धं पाणी घ्या, मोजलेलं औषध ओता, ढवळा, मग उरलेलं पाणी. लेबलवर एकत्र फवारणीला परवानगी असेल तरच मिसळा: आधी डब्ल्यूपी (पाण्यात मिसळायची भुकटी), मग एससी (दाट प्रवाही), मग ईसी, शेवटी एसएल (पाण्यात विरघळणारं द्रव).

विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असेल तर हे मिश्रण फुटू शकतं. वर तेल तरंगतं, काही झाडांवर जास्त औषध पडून पानं करपतात, बाकीच्यांवर कीड तशीच राहते. कोणते क्षार आहेत हे ईसी मीटर सांगत नाही. त्यामुळे पाण्याचा आकडा चढा आला की तेच पाणी आणि तीच मात्रा पारदर्शक बरणीत अर्धा तास ठेवून बघा. थर सुटला तर त्या पाण्यात फवारणी करू नका.