फणीसारख्या शृंगिकांचा पतंग

भाताचा तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली रोपे, वीतभर झाला असताना, गुहागर तालुक्यातील आमच्या घराच्या पडवीत, दिव्याखालच्या भिंतीवर एक करडा-तपकिरी पतंग येऊन बसला. मी वरून छायाचित्र काढले आणि वहीत ‘स्पोडोप्टेरा मौरिशिया’ अशी नोंद केली, कारण भाताची रोपे रातोरात फस्त करणारी लष्करी अळी या जातीची असते आणि पावसाळ्याच्या तोंडाला पहिला संशय तिच्यावरच जातो.

दुसऱ्या दिवशी मला ती नोंद खोडावी लागली. रात्री बरणीत ठेवलेला पतंग भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्याच्या शृंगिकांना, म्हणजे डोक्यावरच्या मिशांना, दोन्ही बाजूंनी फणीसारखे दाते दिसले. मौरिशियाच्या नराच्या शृंगिका अशा नसतात. त्याची खूण पुढच्या पायांवरच्या केसांच्या दाट झुबक्यात असते. अर्थात, केवळ दात्यांवर विसंबणे योग्य नव्हते, कारण रोपांचे देठ जमिनीलगत कुरतडणाऱ्या अ‍ॅग्रोटिस इप्सिलॉनच्या नरालाही असे दाते असतात. मात्र त्याच्या पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराच्या ठिपक्याला लागून बाहेरच्या बाजूस काळी पाचर असते, ती येथे नव्हती. मागचे पंखही स्पोडोप्टेराला साजेसे, पांढरे व अर्धपारदर्शक होते. भाजीपाल्यावरच्या स्पोडोप्टेरा लिटुराच्या पंखांवर फिकट रेषांची गुंतागुंतीची जाळी असते, त्यामुळे ती शक्यता लगेच बाद झाली. उरला स्पोडोप्टेरा पेक्टेन. गेने यांनी १८५२ मध्ये वर्णन केलेल्या या जातीच्या नावातच खूण आहे, कारण लॅटिनमध्ये ‘पेक्टेन’ म्हणजे फणी.

विसावलेला पतंग शृंगिका पंखांखाली दुमडून ठेवतो, त्यामुळे वरून काढलेल्या छायाचित्रात नेमकी हीच खूण झाकली जाते. याच कारणाने माझ्या जुन्या वह्यांतील कित्येक ‘मौरिशिया’ आता मला संशयास्पद वाटतात. मादीच्या शृंगिका तर दोऱ्यासारख्या साध्या असतात. तेथे जननेंद्रियांच्या तपासणीवाचून मी नाव लिहिणार नाही.

शेजारच्या काकांनी विचारले, “मग तरव्यावर फवारायचे की नाही?” मी त्यांना म्हटले, “काका, एका पतंगावरून ते ठरवू नये. लष्करी अळी दिवसा दडते, तेव्हा रात्री बॅटरी घेऊन तरवा पाहू या.” त्या रात्री आम्ही दोघे बांधावरून फिरलो. पाने शाबूत होती, अळी एकही दिसली नाही आणि फवारणीचा पंप मांगरातच राहिला.