जिप्सीचा मागचा ॲक्सल आणि वाटीभर शेंदूर

गाडी माझी जुनी मारुती जिप्सी आणि चूक पण माझीच, हे आधीच सांगून टाकतो. जुलैत मुरबाडच्या बाजूला एका ओढ्यात शहाणपणा करून तिला दोनदा घातली, मागचा ॲक्सल (मागच्या चाकांमधली आडवी नळी, आत शाफ्ट, गिअर आणि ऑइल) पूर्ण बुडाला, बाहेर येऊन फोटो काढले आणि मुलुंडला येऊन झोपलो. सप्टेंबरात ईस्टर्न एक्सप्रेसवर साठच्या पुढे गेलं की मागून घूंऽऽ असा आवाज, ॲक्सिलेटर सोडला की अजून मोठा. बायको म्हणाली टायरचा असेल. तसंच असावं अशी माझी पण फार इच्छा होती.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुठ्ठे अंथरले (तेलाचा थेंब दिसला की सेक्रेटरी काका नोटीस लावतात), पुढच्या चाकांना विटा, चासीखाली स्टँड, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. आणि हो, आधी ॲक्सलमध्ये ऑइल भरायचा वरचा बोल्ट सुटतोय का बघा, मगच ऑइल काढायचा खालचा उघडा, नाहीतर ऑइल सांडून बसाल आणि वरचा गंजून हलायला तयार नाही, मग गाडी तिथेच.

खालचा उघडला तर कटिंग चहा! दुधाळ, फेसाळ. म्हणजे आत पाणी.

ॲक्सलवर हवेसाठी अंगठ्याएवढा ब्रीदर असतो, तो माझा चिखलाने गच्च भरलेला. चालून चालून ॲक्सल तापतो, आतली हवा फुगते, मग तोच थंड पाण्यात बुडाला की हवा आक्रसते आणि कुठून तरी ओढून घ्यायला बघते. ब्रीदर बंद, म्हणून ऑइल सीलच्या (शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी रिंग) कडेने पाणी ओढलं. आणि तापल्यावर उलटं, त्याच सीलमधून ऑइल बाहेर, डावीकडचे ब्रेक लायनर त्यात चिंब भिजलेले. ब्रेक एका बाजूला का खेचतोय हे कोडं पण तिथेच सुटलं.

चाकाचा शाफ्ट ओढायला भांडुपच्या गॅरेजवाल्या मामांकडून स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणारं वजन आपटून खेचायचं हत्यार) आणला. बेअरिंगमागची रिंग ग्राइंडरने अर्धवट कापायची आणि छिन्नीचा एक ठोका, शाफ्टला ओरखडा न पाडता, हे बोलायला सोपं आहे. नवीन बेअरिंग मुंबईतल्या नागदेवीच्या बाजारात घेतली. एका दुकानात खोक्यावर एक नंबर आणि बेअरिंगवर दुसरा, म्हणून जुनी बेअरिंग खिशात ठेवूनच जा.

मग प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा लांब दांडा) सोडून डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर, बाहेर काढला. उघडायच्या आधी बेअरिंगच्या कॅपांवर पंचने खुणा केल्या, डावी-उजवी बदलून चालत नाही. क्राऊन-पिनियनचे (मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा) दात ठीक होते, पण पिनियनच्या बेअरिंगवर गंजाचे खड्डे. आवाज तिथलाच.

इथे मी गाढवपणा केला. पिनियनमध्ये एक स्लीव्ह असते, नट आवळत गेलं की चेपते आणि बेअरिंगवर बरोबर ताण येतो. ती एकदाच चेपते, नट मागे फिरवून उपयोग नाही. आधी स्लीव्ह न घालता दातांचा छाप, म्हणजे दात एकमेकांना नेमके कुठे टेकतात ते, बघायचा असतो, मी उत्साहात सगळं आवळून मोकळा झालो आणि मग छाप बघायला बसलो.

छापासाठी मामांची पद्धत म्हणजे तेलात कालवलेला शेंदूर. त्यात शिसं असतं, म्हणून ग्लोव्हज घालून दातांना फासला आणि गिअर फिरवत होतो तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या. वाटी बघून म्हणाल्या, "अरे, कुठल्या मारुतीला?" मी म्हटलं, "ह्याच की आजी." त्यांनी गाडीकडे बघून नमस्कार केला, खरंच केला.

छाप दाताच्या मुळाशी आला, यायला हवा मधोमध. म्हणजे पिनियन क्राऊनच्या फार जवळ. मग परत सगळं खोला, लेथवाल्याकडे बेअरिंग काढून पातळ शिम (अंतर जुळवायची पत्र्याची चकती) घाला, आणि नवी स्लीव्ह. ह्यात पुढचा आख्खा रविवार गेला. शेवटी डायल गेज लावून बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधली मोकळीक) ०.१० ते ०.१५ मिमीमध्ये बसवला आणि ८०-९० ग्रेडचं हायपॉइड गिअर ऑइल वरच्या भोकातून वाहेपर्यंत भरलं, साधारण दीड लिटर.

ब्रीदरला आता रबरी नळी जोडून टेललाइटपर्यंत वर नेलीय, पन्नास रुपयांचं काम. पाचशे किलोमीटरनंतर ऑइल परत काढलं, मधासारखं स्वच्छ. आवाज गेला. आता मागचा दरवाजा खडखडतो ते ऐकू यायला लागलंय. पार्किंगच्या खांबावर शेंदराचा एक पंजा उमटलाय, त्यावर अजून नोटीस नाही, काकांना बहुतेक तो पुसायला सांगायची हिंमत होत नाहीये.